इंगळे बाईंची डावी अनामिका

इंगळे बाई उद्गारचिन्ह टाईप करत नसत.

हे मला कळलं ते माझ्याच पत्रकामुळे. मेहकरच्या स्टँडमागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. बाहेरच्या पाटीवरचा 'टंक' उन्हानं उडून गेला होता आणि नुसती 'लेखन संस्था' उरली होती. खाली दळायला आलेल्या बाया पीठ भरलेल्या हातानं वर येऊन विचारत, "इथं कागद लिहून भेटते काय वं?" आणि बाई लिहून देत. मी बावीस वर्षांचा होतो. चळवळीत नवा, आवाज मोठा. मोर्चाचं पत्रक घेऊन गेलो आणि 'आजच्या आज पाहिजे' असं सांगून टेबलापुढं उभा राहिलो.

बाईंनी चष्मा नाकावर ढकलला, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि पेन्सिलीनं काहीतरी मोजलं.

"एकोणीस हायेत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उद्गारचिन्हं. काऊन बे, कोनाले कमी ऐकू येते काय तिथं?"

मी म्हणालो, अन्याय आहे तर ओरडायला नको? बाईंनी मला मशीनजवळ बोलावलं. त्यांच्या जुन्या मराठी मशीनवर उद्गारचिन्हाची कळच नव्हती. आधी वरची छोटी उभी रेघ ठोकायची, मग गाडी एक घर मागं आणायची, मग खाली टिंब ठोकायचं. "तीन ठोके लागतात एका आरडाओरड्याले," त्या म्हणाल्या. "एका पानाले एक भेटन. कुठं लावू ते सांग."

मी चिडलो, वाद घातला, शेवटी एक जागा निवडली. ते पत्रक लोकांनी शेवटपर्यंत वाचलं. ही गोष्ट मी तेव्हा कोणाजवळ कबूल केली नाही.

बाई बारीक अंगाच्या, रंगानं सावळ्या. चष्म्याला शिलाईचा दोरा. नखं नेहमी मुळापर्यंत कापलेली, कारण वाढलेलं नख कळ चुकवतं. शिकायला आलेल्या मुलींच्या हातांवर त्या चपलांचा रिकामा खोका उपडा ठेवायच्या, दोन्ही बाजूंनी भोकं पाडलेला, म्हणजे आपली बोटं आपल्याला दिसूच नयेत. कळांना त्या अक्षरांच्या नावानं ओळखत नसत, बोटांच्या नावानं ओळखत. 'म कुठं आहे' विचारलं तर उत्तर यायचं, "डावं मधलं, वरची ओळ." सरकारी परीक्षेला पोरी बसायच्या, बाई परीक्षेच्या हॉलबाहेर भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि आतल्या ठोक्यांच्या आवाजावरून सांगायच्या, "ते पोरगं घाबरलं. आता दोन ओळी सोडन."

त्यांचा एकच कडक नियम होता. टाईप चालू असताना हाक मारायची नाही. गिरणीला आग लागली तरी ओळ संपू द्यायची. नवऱ्याबद्दल, माहेराबद्दल कोणी विचारलं की बाई मशीनची रिबन बदलायला घेत, ती नवी असली तरी. मेहकरला त्या एकट्या आल्या होत्या, एका ट्रंकेत कपडे आणि एका ट्रंकेत मशीन घेऊन, एवढंच गल्लीला माहीत होतं.

पुढं इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आला. जुनाच, कोणाकडून तरी घेतलेला. त्यात मराठीचा जो फॉन्ट होता त्याचा कळफलक थेट टायपिंगच्या मशीनचाच होता, म्हणून बाईंना एक दिवसही नवं शिकावं लागलं नाही. पण त्या त्याच्यावर खूश नव्हत्या. "मशीनले कार्बन होता," त्या म्हणायच्या. "एक कागद गेला तरी दुसरा हातात. ह्याच्या पोटात काय हाय ते ह्यालेच ठाऊक."

आता ज्या कामासाठी मी हे सगळं लिहितो आहे, ते सांगतो.

आमचं गाव जानेफळच्या पुढं, फाट्यापासून आत. गावाच्या उत्तरेला गायरान, म्हणजे गुरांच्या चराईसाठी ठेवलेली सरकारी जमीन. कागदावर चराई, प्रत्यक्षात दगड आणि बाभळी. ते दगड आमच्या वस्तीतल्या सतरा घरांनी वेचले, बांध घातले, ज्वारी पेरली. चाळीस वर्षं पेरली. तेव्हा कोणाला ती जमीन आठवली नाही. रस्ता झाला, भाव आला, आणि एकदम सगळ्यांना गुरांची काळजी वाटायला लागली. ताबा जुना आहे हे सिद्ध केलं तर जमीन नावावर होणार होती. सिद्ध कशानं करायचं? ज्यांच्या हाताला सही येत नाही त्यांच्याकडे कागद कुठून असणार? त्यांच्याकडे फक्त आठवण होती. म्हणून आम्ही जबाब घ्यायचं ठरवलं.

बाजाराच्या दिवशी दोन-दोन, तीन-तीन माणसं यष्टीनं मेहकरला यायची. बाईंसमोरच्या बाकावर बसून बोलायची. बाई पडद्याकडे न पाहता, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत टाईप करायच्या. सतरा घरांचे सतरा जबाब.

त्यात माझं आणि बाईंचं पहिलं मोठं भांडण झालं. सगळ्यात म्हातारी सरूबाई. तिचा छापलेला जबाब मी वाचला आणि माझं डोकं फिरलं. 'मले माह्या सासऱ्यानं सांगतलं', 'तठी दगडच दगड होते', असं जसंच्या तसं.

"बाई, हे साहेबापुढं जाणार आहे," मी म्हणालो. "ते हसतील. पुण्याकडचा अधिकारी असला तर त्याला तमाशा वाटेल. 'मले'चं 'मला' करा."

"तिनं काय म्हटलं?"

"म्हटलं मले. पण लिहिताना—"

"हे पाह्य." त्यांनी दोन्ही हात हवेत धरले. "डावं मधलं, म. उजवी तर्जनी, ल. इथपर्यंत दोन्हीत सारखंच. आता मला म्हटलं तर उजवं मधलं बोट पडते. मले म्हटलं तर डावी अनामिका. बाई बोलली, माह्यी डावी अनामिका पडली. आता तू म्हनतो म्हनून बोट फिरवू? मंग तो तुहा जबाब झाला. तूच अंगठा दे."

मी म्हणालो, तुम्ही ऐकून समजून लिहा ना. त्यावर त्या हसल्या. "टाईप करताना मी ऐकत नाई रे. बोटं ऐकतात. मले इचारशील सरूबाई काय बोलली, तर मले दोन वाक्यं सांगता येनार नाईत."

त्यांचं हे वाक्य पुढं माझ्या छातीवर दगडासारखं येऊन बसणार होतं.

जबाब छापले, अंगठे घेतले, कचेरीत दिले, पोच घेतली. बाईंनी एका फ्लॉपीवर सगळ्यांची नक्कल करून माझ्या हातात दिली. "हा कार्बन समज," म्हणाल्या. दीड वर्ष काही झालं नाही. दरम्यान सरूबाई गेली, आणि आणखी एक म्हातारा गेला. मग एका शुक्रवारी नोटीस आली. सोमवारी सुनावणी. खाली एक ओळ: मूळ जबाब फाईलमध्ये आढळून येत नाहीत, प्रती असल्यास सादर कराव्यात.

आढळून येत नाहीत. म्हणजे हरवले म्हणायचीही लाज. चाळीस वर्षांचे दगड त्यांनी एका ओळीत परत शेतात टाकले. मी त्या नोटिशीवर रात्रभर जळलो, आणि शनिवारी सकाळी पहिल्या गाडीनं मेहकर गाठलं.

"फ्लॉपी आनली?" बाईंनी विचारलं.

फ्लॉपी होती. पण तिच्यावर जबाब नव्हते. पावसाळ्यात आमच्या मोर्चाचं पत्रक घाईनं दुसरीकडं न्यायचं होतं, हातात दुसरी फ्लॉपी नव्हती. मीच ती पुसून वापरली होती. बाईंना हे सांगताना मी खाली बघत होतो.  त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरं. ह्याच्यात हाय," म्हणत त्यांनी कॉम्प्युटर चालू केला.

पडदा काळाच राहिला. मग इंग्रजीत एक ओळ आली, की चालू होण्यासारखं आत काही सापडत नाही. आणि आतून आवाज यायला लागला. टक्. टक्. टक्. रिबन नसलेल्या मशीनवर कोणी एकच कळ ठोकत बसावं तसा. कागदावर काही उमटत नाही, ठोका मात्र पडतो आहे.

मी बटण बंद केलं, परत चालू केलं. टक्. टक्. परत बंद, परत चालू. बाईंनी माझ्या हातावर फटका मारला.

"हात काढ. मरून राह्यलं ते, अन तू त्याले उठवून उठवून बसवून राह्यला."

गल्लीच्या टोकाला रशीदभाईंचं दुकान होतं. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर. त्यांनी येऊन डबा उघडला आणि ज्यात सगळं साठतं ती लहान वहीएवढी डिस्क बाहेर काढली. बाईंनी ती मशीनवर झाकायच्या फडक्यात गुंडाळली आणि दोन्ही तळव्यांवर धरून जिना उतरल्या, विरजण लावलेलं भांडं न हिंदकळता न्यावं तशा. मी पुढं होऊन गल्लीतली सायकल बाजूला केली, गिरणीतल्या बायांना सरका म्हणालो. कोणीतरी विचारलं, "काय हाय वं त्याच्यात?" बाई म्हणाल्या, "सतरा मानसं हायेत."

रशीदभाईंनी ती आपल्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क म्हणून जोडली. म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर त्यांच्याच डिस्कवर चालणार आणि आमचीतून फक्त वाचायचा प्रयत्न करणार. "थंडी आहे तोवर चालते," थोड्या वेळानं ते म्हणाले. "गरम झाली का डोकं आपटते. दहा मिनिटं चालवायची, काढायची, पंख्याखाली ठेवायची. अन देखो बाई, बाराला लाईट जाते. चालू असताना लाईट गेली तर समझो खतम."

साडेदहा झाले होते.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. डिस्कवरची यादीच बिघडली होती. कोणत्या फाईलचं काय नाव, काहीच कळत नव्हतं. नुसते तुकडे, नंबर दिलेले. शेकडो. त्यात बाईंनी दोन-तीन वर्षांत टाईप केलेलं सगळं होतं: लग्नपत्रिका, तेरव्याच्या चिठ्ठ्या, शाळांचे पेपर, अर्ज. सगळं उतरवायला वेळ नव्हता. नेमके जबाब निवडायचे होते. रशीदभाईंनी पहिला तुकडा पडद्यावर उघडला आणि मान हलवली.

"गया. करप्ट हाय."

मी पाहिलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिखल. ना शब्द, ना अर्थ. मध्येच अर्धविराम, कंस, आकडे. दुसरा तुकडा उघडला, तसाच. तिसरा, तसाच. "सगळा कचरा हाय," रशीदभाई म्हणाले आणि डिस्क काढायला वाकले. मला आठवतं, मी तेव्हा मनातल्या मनात सतरा घरांची नावं घ्यायला लागलो.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्या पडद्याजवळ गेल्या. दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली. डोळे पडद्यावर, बोटं लाकडावर हलायला लागली.

"एक्स, के, अर्धविराम, जे, के, यू," त्या पुटपुटल्या. बोटं थांबली. "गायरान. भाऊ, हे गायरान हाय. हा कचरा नाई. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मराठीचा फॉन्ट नाई म्हनून त्याले फक्त कळा दिसून राह्यल्या. मी जी कळ दाबली, ती."

रशीदभाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग बाईंच्या हातांकडे. "याने के आप ये पढ सकते?"

"मी नाई. बोटं."

बाईंचा फॉन्ट होता त्या डिस्कवरच. ज्या फ्लॉपीवरून घातला होता तिला बुरशी लागून ती कधीच गेलेली. दुसरा मिळेपर्यंत सोमवार उलटला असता. पुढच्या सव्वा तासात जे झालं ते मी आयुष्यात परत पाहिलं नाही. रशीदभाई तुकडा उघडायचे, बाईंची बोटं टेबलावर अर्धी ओळ नाचायची आणि निकाल यायचा.

"लग्न. सोडा."

"चौथीचा भूगोल. सोडा."

"हे... माह्या बापानं... घ्या. हे घ्या."

"तेरवी. सोडा. नाई, थांबा, अंगठा म्हनते. घ्या."

डिस्क तापायची, टक् व्हायची, रशीदभाई चटकन बंद करायचे. मग पंख्याखाली ठेवून आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसायचो, ताप मोजत असल्यासारखे. बाई मध्येच तिच्यावर हाताची पाठ ठेवायच्या. "अजून गरम हाय." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.  मला ओरडायचं होतं, आणि ओरडण्यासारखं तिथं कोणी नव्हतं. जो दोषी होता तो मीच होतो.

पावणेबाराला सोळा जबाब झाले होते. सरूबाईचा राहिला होता. तोच सगळ्यात जुना, तोच सगळ्यात महत्त्वाचा, आणि बोलणारी जिवंत नव्हती.

बारा वाजायला चार मिनिटं कमी असताना रशीदभाईंनी आणखी एक तुकडा उघडला. बाईंची बोटं हलली. डावं मधलं. उजवी तर्जनी. डावी अनामिका.

"मले," त्या म्हणाल्या.

"सरूबाई," मी ओरडलो. "घ्या, घ्या."

बाईंची बोटं पुढं सरकली आणि थांबली. त्यांनी हात टेबलावरून उचलले, पदराला पुसले.

"नाई. हे माह्यं हाय. जाऊ द्या. पुढचं उघडा."

"दोन मिनट लगेगा बाई, ले लेता हूँ," रशीदभाई म्हणाले.

"पुढचं उघडा म्हनलं ना."

पुढचं उघडलं. बोटं हलली. "तठी दगडच दगड," बाई म्हणाल्या. रशीदभाईंनी नक्कल सुरू केली. उतरता उतरता डिस्क दोनदा ठोकली, अडली, परत चालली. नक्कल संपली, त्यांनी डिस्क बंद केली, आणि आम्ही श्वास सोडतो तोच पंखा थांबला. बारा.

"तुमचं ते चारनंतर काढू," रशीदभाई म्हणाले. बाईंनी मान हलवली.

चारला लाईट आली. डिस्क आली नाही. रशीदभाईंनी थंड करून पाहिली, तिरपी धरून पाहिली, दुसऱ्या वायरनं पाहिली. आता तर तिचा ठोकाही येत नव्हता. बाई म्हणाल्या, "राहू द्या. त्यात काही नव्हतं." मी त्यांना विचारलं नाही, काय होतं. माझ्या हातात सतरा जबाब होते आणि मला त्या वेळी जगात दुसरं काही दिसत नव्हतं. हे मी आज लिहितो तेव्हा मला माझीच चीड येते.

रशीदभाईंनी तो सगळा चिखल कागदावर छापून दिला. रविवारी सकाळपासून बाई जुन्या मशीनवर बसल्या. समोर इंग्रजी अक्षरांचे कागद. पण त्याच कळा मराठी मशीनवर दाबल्या की मराठीच उमटणार. मागं तीन कार्बन लावले. एकेक जबाब कागदावर परत यायला लागला. मी कार्बन बदलत होतो, कागद लावत होतो. ठोके ऐकून खालची गिरणीवाली वर येऊन चहा ठेवून गेली, काही न बोलता, कारण नियम तिलाही माहीत होता.

दुपारी मशीन थांबलं.

सरूबाईच्या जबाबात भोक पडलं होतं. डिस्क अडली होती तिथं. वाक्य असं होतं: 'ज्या साली', मग एक लांबलचक जागा जिच्यात काहीच नव्हतं, मग 'त्या साली माह्या सासऱ्यानं पयला नांगर धरला.'

नेमकं साल. सगळ्या प्रकरणाचा कणा.

"मला पाठ आहे," मी म्हणालो. "महाराष्ट्र झाला त्या साली. टाका."

बाईंनी बोटं कळांवर ठेवली नाहीत. "असं म्हनली ती?"

"शंभर टक्के. मी होतो ना तिथं."

"मीबी होती. मले वाटते यष्टीचं काहीतरी म्हनली. फाट्यावर यष्टी आली, असं."

"तुम्हीच म्हणता तुम्ही ऐकत नाही."

"हाव. म्हनून तर माह्यंबी टाकत नाई." त्या उठल्या, कपाटातून एक जुना कागद काढून माझ्यापुढं धरला. माझंच पत्रक, पावसाळ्यातलं. दुसऱ्या परिच्छेदात होतं: 'ज्या साली महाराष्ट्र राज्य जन्मले, त्याच साली या कष्टकऱ्यांनी गायरानात पहिला नांगर धरला.' "हे तुह्यं हाय, बापू. तिचं नाई. तू लिहिलं, मंग पन्नासदा बोलला, आता तुले वाटून राह्यलं का तिनं म्हटलं."

मी खूप बोललो. सतरा घरांचं काय होईल, म्हणालो. कचेरीनं कागद हरवले तेव्हा कोणी प्रामाणिकपणा पाहिला, म्हणालो. तुम्हाला तुमच्या बोटांचा गर्व आहे, असंही म्हणालो. बाई मग बसल्या आणि त्या मोकळ्या जागेत एकेक टिंब ठोकायला लागल्या. टक्. टक्. टक्. मला तो आवाज सहन झाला नाही, मी जिना उतरून खाली गेलो.

सोमवारी सुनावणीला बाई आल्या. इस्त्रीची साडी, हातात कागदांची पिशवी. वस्तीतली सगळी माणसं खाली सतरंजीवर बसलेली. साहेब तरुण होते, सावकाश वाचत होते. सरूबाईच्या जबाबापाशी थांबले. 

"ही टिंबं कसली?"

"तिथं डिस्क गेली साहेब," बाई उभ्या राहून म्हणाल्या.

"बाकी सगळं काढलंत. हे एक वाक्य आठवलं नाही?"

"दोन जनांले दोन वाक्यं आठवली. म्हनून टिंबं देल्ली."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. कोणीतरी हसलं. तेवढ्यात मागून आवाज आला. सरूबाईची धाकटी जाऊ, पारूबाई. जबाबाच्या दिवशी तिला बाकावर जागा मिळाली नव्हती, दारात बसली होती.

"शाळेले टिनं बसले त्या साली," ती म्हणाली. "सरू तसंच म्हने नेहमी. टिनं उतरवाले आमचे मानसं गेल्ते, अन दुसऱ्या दिवशी नांगर धरला. मले ठाऊक हाय ना."

महाराष्ट्र नाही. यष्टी नाही. शाळेची टिनं.  साहेबांनी कारकुनाला सांगितलं, शाळेचं जुनं दप्तर मागवा, यांचा जबाब आत्ता घ्या. शाळेच्या छपरावर टिनं कधी चढली याची नोंद सरकारी दप्तरात असते. 'महाराष्ट्र झाला' टाकलं असतं आणि त्यांनी पारूबाईला विचारलं असतं, तर सतराच्या सतरा जबाब माझ्या तोंडावर फेकले गेले असते.

कारकून लिहायला लागला. बाई त्याच्या खांद्यामागं जाऊन उभ्या राहिल्या.

"'मला' नाई लिवायचं," त्या म्हणाल्या. "'मले' म्हनली ती."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "जसं बोलल्या तसं लिहा."

पुढच्या तारखा पडत गेल्या, आणि दोन वर्षांनी चौदा घरांची नावं लागली. तीन घरांचं भांडण अजून चालू आहे, आणि मी अजून त्या कचेरीच्या पायऱ्या चढतो. पत्रकं मी आता स्वतः टाईप करतो. बाईंनी चपलांच्या खोक्याखाली हात घालून मला शिकवलं. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत मी नापास झालो, पण बोटं ओळखायला शिकलो.

मग इन्स्टिट्यूट बंद झालं. गिरणीवाल्यांना माडी पाहिजे होती. मी एकदा गेलो तेव्हा पाटी काढलेली होती आणि भिंतीवर तिच्याएवढा चौकोन पांढरा राहिला होता. बाई कुठं गेल्या ते कोणाला नीट सांगता येईना. कोणी म्हणालं भावाकडं, कोणी म्हणालं त्यांना भाऊच नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मेहकरच्याच स्टँडवर, दुपारी. मी जानेफळच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या फलाटाला दुसरबीडची गाडी लागली होती, इंजिन चालू, माणसं चढत होती. मागच्या दारानं मीही त्या गाडीत चढलो, कारण ओळखीची पाठ दिसली. बारीक खांदे, चष्म्याचा दोरा. केस पुष्कळ पिकले होते. इंगळे बाई. शेजारची जागा रिकामी. त्यांचे दोन्ही हात पुढच्या सीटच्या दांडीवर होते, आणि बोटं हलत होती.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. टाईप चालू होतं.

मी त्यांच्या सीटमागं उभा होतो, म्हणून डावं ते डावंच दिसत होतं आणि उजवं ते उजवं. बोटं थांबली, जशी नवीन कागद लावल्यावर थांबतात. मग परत सुरू झाली. डावं मधलं, वरच्या ओळीत. उजवी तर्जनी, वरच्या ओळीत.  इथपर्यंत दोन्हीत सारखंच असतं.

डावी अनामिका पडली.

मले. डिस्कवर राहून गेलेला त्यांचा तुकडाही इथूनच सुरू झाला होता. त्यापुढचं इतक्या वेगानं गेलं की मला वाचता आलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली, "चढायचं हाय का उतरायचं, बापू?" म्हणाला. मी उतरलो. गाडी मागं सरली, वळली. खिडकीतून एवढंच दिसलं, की बाई समोर बघताहेत आणि ओळ अजून संपलेली नाही.